सहावी कुंडी

नववीला नायट्रोजन शिकवायला घेतला की मी आधी सगळ्यांना पुस्तक मिटायला लावते. आमच्या पोरांना नायट्रोजन माहीत नसतो, पण युरिया माहीत असतो. त्याच्या रिकाम्या गोणीवर बसून ती रानात जेवलेली असतात, तिचीच शिवलेली पिशवी घेऊन बाजाराला गेलेली असतात. हवेत सर्वांत जास्त कोणता वायू, असं विचारलं तर अर्धा वर्ग छातीठोकपणे ऑक्सिजन म्हणतो. उसाला काळोखी कशानं येते, असं विचारलं की वर्षभर तोंड न उघडणारा मागच्या बाकावरचा गडीसुद्धा म्हणतो, "युरिया, मॅडम." काळोखी म्हणजे पानांचा तो गर्द हिरवा रंग. तो दिसला की आमच्याकडच्या माणसाला रात्री शांत झोप लागते.

माझी शाळा भीमेच्या पलीकडं, शिरूर तालुक्यात आहे. मी राहते अलीकडं, पाटसजवळ, म्हणजे दौंड तालुक्यात. नवरा कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टला जातो आणि मी स्कूटीवर पूल ओलांडून शाळेला जाते. असं वीस-बावीस वर्षं चाललंय. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकून पडायचं, खांद्यावर उसाचं वाळकं पाचट उडवून घ्यायचं, आणि शाळेत पोचेपर्यंत डोकं तापलेलं असायचं. तसा माझा स्वभाव मुळातच तापट आहे. पोरं मागं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. ते इथं लिहीत नाही, पण नाव अगदीच चुकीचं ठेवलेलं नाही.

जानेवारीत मी पाच कुंड्यांचा प्रयोग लावते. पाचही कुंड्यांत मक्याची रोपं. पहिलीत नुसती माती. दुसरीत चिमूटभर युरिया, तिसरीत मूठभर. चौथीत मेंढीच्या लेंड्या. पाचवीत अशा रानातली माती, जिथं आधी मूग होता, कारण मुगाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. पोरांनी रोज पाणी घालायचं आणि जर्नलमध्ये तक्ता भरायचा. तक्त्याला पाच रकाने : कुंडी, काय घातलं, काय दिसलं, कितव्या दिवशी दिसलं, निष्कर्ष. मी दरवर्षी एकच दम देते. जे दिसलं तेच लिहायचं. दुसऱ्याचं बघून लिहायचं नाही, आणि मला बरं वाटावं म्हणून तर अजिबात लिहायचं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी चौथ्या कुंडीसाठी लेंड्या आणल्या एका मुलीनं. तिच्या घरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन गावोगाव फिरायची. आता ती इथंच स्थिरावली आहेत, थोडी जमीन आहे, कांदा आणि ज्वारी करतात, ठिबक केलंय. पण आजोबांनी सोळा मेंढरं ठेवली होती. मुलगी त्यांना आबा म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणायचो. लेंड्यांची पिशवी टेबलावर ठेवून ती म्हणाली, "मॅडम, आबा म्हणत्यात, मेंढरं बसवलेल्या रानाला दोन-तीन वर्सं दुसरं खत बघावं लागत न्हाई."

मेंढरं बसवणं ही आमच्याकडची जुनी चाल. रान मोकळं झालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावून कळप चार-आठ दिवस रानात मुक्कामाला ठेवायचा. लेंड्या आणि मूत मातीत जिरायचं, आणि त्याबदल्यात मेंढपाळाला धान्य मिळायचं. आबांची उमर त्यातच गेली होती. म्हणजे माझ्या आधी कितीतरी वर्षं तो माणूस या मुलखात नायट्रोजन वाटत फिरला होता. हे मला आज सुचतंय. त्या दिवशी मी फळ्यावर शेचाळीस आकडा लिहिला आणि म्हणाले, "शंभर किलो युरियात शेचाळीस किलो नायट्रोजन असतो. लेंड्यांत किती असेल? एक-दोन किलो. आता सांग, आबा बरोबर की फळा बरोबर?"

वर्ग हसला. मी हसू दिलं. खरं तर मलाही बरं वाटलं.

ती खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहीत राहिली. दुसऱ्या दिवसापासून कुंड्यांना पाणी घालायला सगळ्यांच्या आधी ती यायची. तिसऱ्या कुंडीतली मक्याची रोपं तीन दिवसांत शेंड्याला करपली, कारण खत जास्त झालं होतं. दुसरी पाचव्या दिवशी काळीशार झाली. चौथीत काहीच नव्हतं. पोरं तिला चिडवायची, "तुझा मका लेंडी चघळतोय अजून." ती तक्त्यात रोज इमानानं लिहायची : फरक नाही, फरक नाही. अठराव्या दिवशी चौथी कुंडी उठली आणि नंतर थांबलीच नाही. दुसरीच्या खालच्या पानांवर पिवळेपणा यायला लागला तरी चौथी हिरवीच. तिनं मला बोलावून दाखवलं नाही, नुसतं लिहिलं : अठराव्या दिवशी. मी ते वाचलं आणि वर्गात त्यावर चकार शब्द काढला नाही. हरणं मला कधीच जमलेलं नाही.

होळीच्या आधीचा आठवडा होता. ऊन चढायला लागलं होतं. युरिया पाण्यात विरघळला की पाणी आपोआप गार होतं, हे मला दाखवायचं होतं. पुस्तकात एका ओळीत दिलंय, पण हाताला लागल्याशिवाय ती ओळ पोरांच्या डोक्यात शिरत नाही. आदल्या वर्षी काचेच्या चंचुपात्रात दाखवायला गेले, तर चाळीस पोरांच्या रेटारेटीत पात्र फुटलं. म्हणून या वेळी मी शाळेच्या नळाखालचा हौद घेतला. सिमेंटचा छोटा हौद, पोरं डबा खाऊन तिथं हात धुतात. त्यात वीतभर पाणी ठेवलं आणि एका पोरानं घरून आणलेला अर्धी पाटी युरिया ओतून काठीनं ढवळला. सगळ्यांनी ओळीनं हात बुडवले. "आयला, फ्रिजचं पाणी!" असं कुणीतरी म्हणालं आणि मी त्याला रागावलेसुद्धा नाही. पोरांच्या तोंडावरचा तो आनंद बघायला मी शिक्षिका झाले, दुसरं कारण नाही.

तास संपल्यावर ते पाणी बादल्यांत काढून, त्यात आणखी भरपूर पाणी मिसळून झाडांना घालायचं, असं ठरलेलं होतं. तेवढ्यात शिपाई बोलवायला आला. वरून माहिती मागवली होती आणि ती आत्ताच्या आत्ता ऑनलाइन भरायची होती. वरच्यांना शाळेची माहिती नेहमी आत्ताच हवी असते. मी ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरपुढं बसले. मग जेवणाची सुट्टी झाली. त्या दिवशी पोरांनी हात टाकीच्या दुसऱ्या नळावर धुतले. मग पुढचा तास लागला. हौद माझ्या डोक्यातून पार गेला.

आबांची मेंढरं रोज दुपारी तीनच्या सुमाराला नदीकडून परत येताना आमच्या हौदावर पाणी प्यायची. उन्हाळ्यापुरती मुख्याध्यापकांनी परवानगी दिली होती. आबा मेंढरं फाटकातून आत सोडायचे आणि स्वतः कडुलिंबाखाली टेकायचे. ही गोष्ट मला माहीत होती. रोज खिडकीतून दिसायची. कधी कधी तर मीच म्हणायचे, "आबांची मेंढरं आली, म्हणजे तीन वाजले."

त्या दिवशीही तीन वाजले. मी त्याच नववीच्या वर्गात होते. कळपातल्या घंटा वाजल्या, मी खडू घेऊन फळ्याकडं वळले, आणि वीसेक मिनिटांनी आबांची हाक ऐकू आली. हाक कुणालाच नव्हती. नुसतं, "अरं! अरं! अरं!"

आम्ही सगळे बाहेर धावलो. मेंढरं कडुलिंबाखाली थरथरत होती. काहींच्या तोंडाला फेस आला होता, पोटं टरारली होती, एक मेंढी पाय झाडत आडवी पडली होती. आबा एकीचं तोंड मांडीवर धरून बसले होते. मुलगी त्यांच्याकडं धावली. मी हौदाकडं पाहिलं. पाणी निम्म्याला आलं होतं.

मला सगळं एका क्षणात समजलं. युरिया मेंढीच्या पोटात गेला की त्याचा अमोनिया होतो. अमोनियाला उतारा आंबटाचा. मी प्रयोगशाळेत पळाले. लिटमसच्या प्रयोगासाठी ठेवलेल्या व्हिनेगरच्या बाटल्या आणल्या, गार पाण्यात मिसळून आम्ही ते मेंढरांच्या घशात ओतायला लागलो. नऊ वाचली. ती थोडंच पाणी प्याली असावीत. सात गेली.

यात मी काही चांगलं केलं असं कुणाला वाटेल, म्हणून मधलं एक सांगते. प्रयोगशाळेतून येताना मी वाकडी वाट करून हौदाकडं गेले होते. हातात बाटल्या होत्या. एक बाटली काखेत धरली, हौदात हात घालून बूच काढलं, आणि उरलेलं पाणी गटारीनं मागच्या गवतात जाऊ दिलं. मग वरचा नळ सोडून हौद धुतला; युरियाचं पाणी मी दुपारीच काढलं होतं, असंच पोरं धरून चालली. मेंढरं पाय झाडत होती आणि मी हौद धूत होते.

जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा चार वाजून गेले होते. "काय खाल्लं होतं?" त्यांनी विचारलं.

मुलगी पुढं झाली. "म्या सकाळी ज्वारीचं फुटवं घातलं हुतं. कोवळं. आबांना उशीर झाला हुता म्हून म्या घातलं."

कापलेल्या ज्वारीला पाणी मिळालं की बुडातून कोवळे फुटवे येतात. ते हिरवे खाल्ले की जनावराला विषबाधा होते, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना पुढच्या गावाला जायचं होतं. "तेच असणार," ते म्हणाले. मग माझ्या हातातली बाटली बघून म्हणाले, "व्हिनेगर कुणी सुचवलं?"

"पोटं फुगली होती म्हणून मीच दिलं," मी म्हणाले.

फुटव्यांचं विष भिनायला फार वेळ लागत नाही. सकाळी आठला खाल्लेले फुटवे दुपारी तीनला मारत नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी ते बोलले नाही. मुलीनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता आणि ती मेलेल्या मेंढ्यांकडं एकामागून एक बघत होती.

संध्याकाळी मी मुख्याध्यापकांना खरं सांगितलं. माणूस वाईट नाही. "डॉक्टरांनी कारण दिलंय ना," ते म्हणाले, "मग तुम्ही कशाला अंगावर ओढून घेताय? शाळेचं नाव जाईल. आपण म्हाताऱ्याला काहीतरी मदत करू." मला हेच ऐकायचं होतं, म्हणूनच मी त्यांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत आली नाही. मी चौकशी केली नाही. तिच्या बाकावरची मैत्रीण आपण होऊन सांगायला आली. मुलगी जेवत नव्हती. पोरांनी तिला "मेंढरं मारणारी" नाव ठेवलं होतं. आई म्हणत होती, आता नववीची परीक्षा झाली की बास. मी मैत्रिणीला म्हणाले, "तिला म्हणावं, अभ्यास बुडवू नको." हे वाक्य मला अजून ऐकू येतं आणि तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

आबा मात्र रोज येत होते. नऊ मेंढरं घेऊन तीन वाजता फाटकाबाहेरून जायचे. आत यायचे नाहीत. फाटकाशी थोडं थांबायचे, शाळेच्या मागच्या बाजूला बघायचे आणि पुढं जायचे. ते काय बघतात हे बघायला मी एक दिवस मागं गेले. गटारीच्या तोंडाशी गवत करपून तपकिरी झालं होतं. तिथून पुढं, जिथं पाणी पातळ होऊन पसरलं असणार, तिथं एक पट्टा गर्द हिरवा, काळाशार उठला होता. आजूबाजूचं गवत उन्हानं वाळलेलं आणि मधोमध ही काळोखी. तिसरी कुंडी आणि दुसरी कुंडी, मीच जमिनीवर काढून ठेवलेली. मी चपलेनं ते गवत तुडवलं. गवत तुडवून जातं का कुठं! दुसऱ्या दिवशी परत उभं.

आठव्या दिवशी जर्नल जमा झाली. गुण द्यायचे होते. मुलीनं आपलं जर्नल मैत्रिणीबरोबर पाठवलं होतं. मी घरी, स्वयंपाक उरकून, लाल पेन घेऊन बसले. तिचा तक्ता नेहमीसारखाच नीट होता. पाच कुंड्यांच्या पाच ओळी, प्रत्येक रकाना भरलेला. खाली पट्टीनं रेघ आखून तिनं आणखी एक ओळ वाढवली होती.

कुंडी क्र. ६ : कुंडी नाही, आबांची मेंढरं. काय घातलं : ज्वारीचे कोवळे फुटवे, मी घातले. काय दिसलं : सात मेली. कितव्या दिवशी : त्याच दिवशी. निष्कर्ष : चूक माझी आहे.

प्रत्येक ओळीपुढं मी बरोबरची खूण करते. पाच ओळींपुढं केली. सहाव्या ओळीपुढं पेन टेकवलं आणि हात पुढं जाईना. खरं तेच लिहा, असं मीच सांगितलं होतं. तिनं खरं समजून लिहिलं होतं. ते खोटं आहे हे जगात फक्त मला आणि मुख्याध्यापकांना माहीत होतं, असं मला तेव्हा वाटत होतं. मी रडले. नवरा रात्रपाळीला गेला होता हे बरं झालं, कारण त्यानं विचारलं असतं तर मी त्यालाही काहीतरी थाप मारली असती.

नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी जर्नल पिशवीत घालून त्यांच्या वस्तीवर गेले. आबा वाघुरीजवळ बसले होते. मेंढरं कोंडायच्या जाळीला वाघूर म्हणतात. ती आता निम्म्यातच लावली होती. "या बाई," ते म्हणाले आणि बसायला पोतं झटकून दिलं. युरियाचीच गोणी होती.

मी उभीच राहिले. "आबा, मेंढरं फुटव्यानं मेली नाहीत. हौदात मी युरिया कालवला होता. मी विसरले. आणि नंतर हौद धुऊन टाकला."

त्यांनी जाळीची गाठ मारून पुरी केली. मग म्हणाले, "व्हय. मला ठावं हाय."

मी तिथंच गोणीवर बसले.

"त्या दिशी म्या एकीच्या तोंडाला बोट लावून चाखलं. कडू लागलं. ठिबकाला युरिया सोडतो की आमीबी, वळखत न्हाई व्हय? आन् फुटव्यानं मरायची असती तर सकाळच्या पारीच मेली असती. तीन वाजंपत्तोर कशाला थांबत्यात? नंतर तुमच्या मागचं गवात बी बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरगी तुमच्या हाताखाली हाय, बाई. अजून धावीचं वरीस हाय. म्या तोंड उघडलं असतं तर भोगायला कुणाला लागलं असतं?" ते हे रागानं म्हणाले नाहीत. हवापाणी सांगावं तसं सांगितलं. "तिला म्या रोज सांगतो, तुझ्यानं न्हाई मेली. तिला वाटतं, आबा समजूत घालत्यात. म्हटलं, बाई येतील. येतील आज न्हाई तर उद्या. रोज फाटकापाशी थांबत हुतो. तुमी खिडकीत दिसायच्या."

मला म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. मी वाकले तर त्यांनी हात आडवा केला. "माझ्या न्हाई. तिला सांगा. आन् वर्गात सांगा, सगळ्या पोरांम्होरं. नाव त्यांनी ठिवलंय."

मुलगी कांद्याच्या रानात होती. हाताला माती, केस बांधलेले, नऊ दिवसांत चेहरा लहान झाला होता. मी बांधावर उभी राहून तिला सगळं सांगितलं. बूच काढलेलं सांगितलं, डॉक्टरांना काय म्हणाले ते सांगितलं. काही गाळलं नाही. मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल. निदान हातातली कांद्याची पात फेकेल.

तिनं विचारलं, "तुम्हाला कवा कळलं, मॅडम?"

"त्याच वेळी. तू आबांकडं धावलीस तेव्हाच."

ती बोटांवर मोजायला लागली. मातीच्या बोटांनी, एकेक पेर धरून. मोजून झाल्यावर तिनं हात खाली सोडला आणि परत वाफ्यात वाकली. मी जर्नल बांधावर ठेवलं. "सहावी ओळ खोडून टाक," मी म्हणाले, "ती चूक आहे." तिनं वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं. चाळीस पोरांपुढं, फळ्याकडं पाठ करून. अमोनिया कसा होतो, किती वेळात होतो, फुटव्यांचं विष किती वेळात चढतं, आणि मी काय केलं. मग मी म्हणाले, चौथ्या कुंडीचा निकालही माझा सांगायचा राहिला होता. आबा बरोबर होते, मी ज्या तोऱ्यात फळ्यावर आकडा लिहिला तो तोरा चुकला. पुढं संस्थेनं माझ्याकडून लेखी खुलासा घेतला, तो मी दिला. आबांना मी बाजारातून मेंढ्या घेऊन दिल्या. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, मेंढ्या दिल्यानं त्या सात परत येत नाहीत. आता युरिया मी काचेच्या एका छोट्या भांड्यात कालवते आणि पोरं पाच-पाच करून येतात. तास संपल्यावर ते भांडं मी स्वतः रिकामं करते. तोवर शिपाई दारात येऊन उभा राहिला तर राहू दे.

मुलगी सोमवारी आली. बाक तोच, पाण्याची बाटली तीच. आता ती अकरावीला शिरूरला जाते, सायन्स घेतलंय. मला रस्त्यात भेटली की थांबते, बोलते. पहिल्यासारखं बोलते का, असं मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. आणि का बोलावं तिनं?

त्या सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं जर्नल माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि शेजारी उभी राहिली. तिनं जुनी ओळ खोडली नव्हती. मी शिकवलं होतं तसंच, चुकलेल्या नोंदीवरून पट्टीनं एकच रेघ मारली होती, खालचं वाचता येईल अशी. तिच्याखाली दोन नव्या ओळी होत्या.

कुंडी क्र. ६ : शाळेचा हौद. काय घातलं : युरिया. काय दिसलं : सात मेंढरं मेली. किती वेळात : अर्ध्या तासात. निष्कर्ष : युरियाचं पाणी जनावरापुढं उघडं ठेवू नये.

क्र. ७ : मॅडम. काय घातलं : काही नाही. काय दिसलं : खरं सांगितलं. कितव्या दिवशी : नवव्या दिवशी.

सातव्या ओळीत निष्कर्षाचा रकाना मोकळा होता. तो तिनं माझ्यासाठी सोडला होता की तिलाच काढता आला नव्हता, हे मी विचारलं नाही. मी दोन्ही ओळींपुढं बरोबरची खूण केली आणि पानाच्या तळाशी, जिथं शिक्षकाची सही असं छापलेलं असतं, तिथं सही केली.